बारापैकी बारा आले, म्हणून सही झाली

जरा मोठी पोस्ट आहे आणि विषय थोडा तांत्रिक आहे. पण पोरं आपली आहेत, फी आपण भरतोय, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल नीट शिकवायला लाखांची कोटेशनं मागवायची गरज नाही. आहेत त्याच संगणकांवर, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अख्ख्या नेटवर्कचं मॉडेल उभं करता येतं. पण "मॉडेल चाललं" की मार्क देऊन मोकळं व्हायची सवय तशीच राहिली, तर त्या फुकटच्या मॉडेलचाही काही उपयोग नाही. मार्क द्यायचे तर ते तपासणीला द्या. आणि वाचलेले पैसे यंत्रांत न घालता शिकवणाऱ्या माणसाच्या वेळेत घाला.

मी मूळचा सांगलीचा, पोटापाण्यासाठी पुण्यात असतो. नेटवर्कच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. गेली दोन सत्रं महिन्यातले दोन शनिवार आपल्याकडच्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर बसतो. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण जे तिथे आहे ते बहुतेक ठिकाणी आहे. लॅबमध्ये काचेचं कपाट, कपाटात आठ स्विच, कपाटाला कुलूप. चावी लॅब असिस्टंटकडे. "खराब झालं तर भरून कोण देणार?" हा त्यांचा प्रश्न, आणि तोही खोटा नाही. मग मुलं काय करतात? जर्नलमध्ये स्विचचं चित्र काढतात. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून.

आता स्विच किंवा राउटर करतो काय, ते पोस्टाच्या भाषेत सांगतो. १५ ऑगस्ट १९७२ला आपल्याकडे पिनकोड सुरू झाला, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, हे पुष्कळांना माहीत नसतं. पत्रावर ४१६४१६ लिहिलं असेल तर दिल्लीतल्या माणसाला सांगलीतली गल्ली माहीत असायची गरज नाही. तो पहिला ४ बघतो आणि पत्र महाराष्ट्राच्या बाजूला टाकतो. पुढचा कुणीतरी ४१६ बघतो, त्याच्या पुढचा पूर्ण आकडा बघतो. जितके जास्त आकडे जुळतील तितका नियम जास्त नेमका, आणि जास्त नेमका नियम सापडला तर तोच लावायचा. इंटरनेटवरचं प्रत्येक पॅकेट याच पद्धतीने पुढे जातं.

नेहमीच्या स्विचमध्ये हा सॉर्टिंगवाला जन्मतःच शिकून आलेला असतो. त्याने कुठला पत्ता वाचायचा, काय करायचं, हे चिप बनवतानाच ठरलेलं. दहा-बारा वर्षांपूर्वी काही लोकांनी विचार केला, की सॉर्टिंगवाल्याला काय वाचायचं आणि वाचून काय करायचं हे आपणच लिहून दिलं तर? २०१४ साली त्यासाठीच्या भाषेचा शोधनिबंध आला. भाषेचं नाव पी-फोर, कारण तिच्या इंग्रजी नावात 'पी'ने सुरू होणारे चार शब्द आहेत. निबंधाच्या लेखकांत स्टॅनफर्डचे निक मॅककीऑन, प्रिन्स्टनच्या जेनिफर रेक्सफर्ड आहेत, आणि जॉर्ज वर्गीस हेही आहेत, जे आपल्या पवईच्या आयआयटीतून शिकून गेले. म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही.

या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमचे साधारण तीन टप्पे असतात. आधी पॅकेट उघडून त्यावरचे पत्ते वाचायचे. मग तक्त्यात बघायचं, की या पत्त्याला काय करायचं ठरलंय: पुढे पाठवायचं, बदलायचं की टाकून द्यायचं. शेवटी पॅकेट पुन्हा बांधून बाहेर सोडायचं. कारखान्यातल्या पट्ट्यासारखं एकामागून एक चालतं, म्हणून याला पाइपलाइन म्हणतात.

आणि यातला मुद्दा असा, की ही पाइपलाइन चालवायला चिप लागत नाही. बीएमव्ही-टू नावाचं सॉफ्टवेअर मॉडेल आहे, फुकट आणि खुलं. त्याच्या जोडीला मिनिनेट, जे २०१०पासून आहे आणि एकाच लॅपटॉपमध्ये अख्खं नेटवर्क उभं करतं. चार संगणक, चार स्विच, मधल्या तारा, सगळं आभासी. कुलूप नाही, चावी नाही, खराब व्हायची भीती नाही. बिघडलं तर बंद करा, परत चालू करा.

उभं करायला त्रास होतो का? होतो. सगळं मुळापासून बांधायला घेतलं तर जुन्या संगणकावर तासन् तास जातात, आणि मध्येच मेमरी संपली की पहिल्यापासून. म्हणून आम्ही तयार व्हर्च्युअल मशीन घेतली आणि पेनड्राइव्हवरून एकेका संगणकावर चढवली. कॉलेजच्या नेटवर तीस मुलांनी काही जीबीची फाइल एकदम उतरवायची म्हणजे दिवस तिथेच संपला असता. दोन शनिवार उभारणीत गेले. तिसऱ्या शनिवारी मुलांनी पहिला प्रोग्रॅम लिहिला: पत्ता बघा, योग्य दाराने बाहेर सोडा.

मिनिनेटमध्ये पिंगऑल म्हणून एक आज्ञा आहे. प्रत्येक संगणक बाकीच्या प्रत्येकाला हाक मारतो. चार संगणक, म्हणजे बारा हाका. स्क्रीनवर आलं: बारापैकी बारा पोचल्या, शून्य टक्के गळती. वर्गात टाळ्या पडल्या. खऱ्याखुऱ्या. एक मुलगा म्हणाला, "सर, झालं की!" शेजारी उभ्या असलेल्या मॅडमनी पेन काढलं, जर्नलवर सही करायला.

मी म्हटलं, मॅडम, पाच मिनिटं थांबा.

प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, टीटीएल. त्याला आयुष्य म्हणा. प्रत्येक टप्प्यावर तो एकने कमी करायचा आणि शून्य झाला की पॅकेट टाकून द्यायचं. हे नसेल तर वाट चुकलेलं पॅकेट नेटवर्कमध्ये गोल गोल फिरत राहील. मुलांनी एकने कमी करायची ओळ लिहिली होती. शून्य झालंय का, हे बघायची ओळ लिहिली नव्हती. आम्ही आयुष्य १ लिहून एक पॅकेट सोडलं. वाटेत तीन स्विच. नियमाने ते पहिल्याच स्विचवर मरायला हवं होतं. ते पलीकडे पोचलं, आणि पोचलं तेव्हा त्याच्यावर आयुष्य लिहिलेलं होतं २५४! कारण त्या रकान्यात शून्याच्या खालचा आकडाच नाही. पहिल्या स्विचने १चं शून्य केलं, दुसऱ्याने शून्यातून एक वजा केला तर ते फिरून २५५ झालं, तिसऱ्याने २५४ केलं. मेलेला माणूस तरुण होऊन घरी आला.

दुसरी गोष्ट. मघाशी सांगितलेला पिनकोडचा नियम. मुलांच्या तक्त्यात प्रत्येक संगणकाचा पूर्ण पत्ता भरलेला होता. शिकण्यासाठीच्या तयार उदाहरणातही तसाच असतो. म्हणजे "४ बघून महाराष्ट्राकडे" हा नियम एकदाही वापरला गेला नव्हता. एका गटाने तर तक्त्यात "पूर्ण पत्ता जुळला तरच" असं लिहून ठेवलं होतं. त्यांचेही बारापैकी बारा आले. आम्ही दोन नियम भरले, एक मोठ्या विभागाचा, एक त्यातल्या छोट्या भागाचा, आणि दोन्हींकडे एकेक पॅकेट सोडलं. त्या गटाचं एकही पोचलं नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पॅकेटवर एक पडताळणीचा आकडा असतो. वाटेत पत्त्याची अक्षरं बिघडली तर तो जुळत नाही, आणि असं पॅकेट टाकून द्यायचं असतं. मुलांच्या प्रोग्रॅममध्ये बाहेर सोडताना नवा आकडा काढायची सोय होती, कारण त्याशिवाय पिंग चाललंच नसतं. पण आत येताना जुना आकडा बघायची जागा रिकामी होती. आम्ही मुद्दाम चुकीचा आकडा घालून पॅकेट सोडलं. प्रोग्रॅमने ते विनातक्रार आत घेतलं आणि त्याच्यावर नवाकोरा, अगदी बरोबर आकडा घालून पुढे पाठवलं. बँकेने खोटी नोट घेऊन बदल्यात खरी द्यावी, तसं. आता पुढच्या कुणालाच कळणार नाही की हे बिघडलेलं होतं.

वर्गातल्या एकाही गटाचा प्रोग्रॅम या तिन्ही चाचण्यांत टिकला नाही. आणि प्रत्येकाचे बारापैकी बारा आले होते. मी नसतो तर सगळ्यांना सही मिळाली असती, आणि त्यात मॅडमची काही चूक नव्हती. "आउटपुट बघून सही" हाच तर नियम आहे.

आपल्याकडच्या माणसाला हे समजवायला मला कॉम्प्युटर लागत नाही. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर गेला, आकडा उमटला, पावती निघाली. म्हणजे काटा बरोबर आहे का? आकडा तर प्रत्येक वेळी उमटतो. काटा बरोबर आहे की नाही हे कळतं, ते वजन आधीच माहीत असलेली वस्तू त्यावर ठेवली की. म्हणूनच वैधमापनवाले प्रमाणित वजनं घेऊन येतात. आणि जाणता शेतकरी रिकाम्या काट्यावर शून्य दिसतंय का, तेही बघतो. पिंगऑल म्हणजे पावती निघणं. टीटीएल १चं पॅकेट म्हणजे प्रमाणित वजन. ज्या पॅकेटचं काय व्हायला हवं हे आपल्याला आधीच पक्कं माहीत आहे, ते सोडायचं आणि बघायचं. आणि काही पॅकेटं अशी, की पलीकडे काहीच यायला नको. ते "काहीच नाही" तपासणं म्हणजे रिकाम्या काट्याचं शून्य.

यासाठीचं साधनही फुकट आहे. पीटीएफ नावाचं, पायथनमध्ये चालणारं. अमुक पॅकेट पहिल्या दाराने सोड, तमुक पॅकेट दुसऱ्या दाराने यायला हवं, बाकी कुठूनही काही यायला नको, असं लिहून द्यायचं. मुलांनी लिहिलं, आणि पहिल्याच दिवशी चाचण्या कधी पास, कधी नापास व्हायला लागल्या. कुणीही न पाठवलेली पॅकेटं दारांवर दिसत होती. "मॉडेलच बोगस आहे," असं ठरत आलं होतं. शोधलं तर लिनक्स स्वतःच आयपीव्ही-सिक्सची विचारणा करणारी पॅकेटं सोडत होता. ती सोय बंद केली, शांतता झाली. एका मुलीने हे शोधायला दीड तास घालवला. तिच्या जर्नलमध्ये या दीड तासाला रकाना नाही. माझ्या मते त्या सत्रातलं सगळ्यांत चांगलं प्रॅक्टिकल तेच होतं.

कुणी म्हणेल, पोरांच्या प्रॅक्टिकलवरून एवढं काय. ४ ऑक्टोबर २०२१ आठवा. सोमवार होता, रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम बंद पडलं आणि जवळपास सहा तास बंद राहिलं. आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्या रात्री फोन बंद-चालू करून बघितला असेल. कंपनीने नंतर कारण सांगितलं: देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या अंतर्गत नेटवर्कचे दुवेच तुटले. अशी घातक आज्ञा अडवायला एक तपासणी करणारं सॉफ्टवेअर होतं. त्या सॉफ्टवेअरमध्येच दोष होता, म्हणून त्याने आज्ञा अडवली नाही. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक, आणि तिथेही तपासणाऱ्याला कुणी नीट तपासलं नव्हतं. आज बँक, हॉस्पिटल, रेशन दुकान, रेल्वे आरक्षण, सगळं नेटवर्कवर आहे. ती नेटवर्कं सांभाळायला उद्या हीच पोरं बसणार आहेत.

आता मॉडेलच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर "सगळं फुकटात होतं" असा अर्थ निघायचा. बीएमव्ही-टू बनवणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की हे शिकायला, तपासायला आणि चुका शोधायला आहे, प्रत्यक्ष वापराचा स्विच म्हणून नाही. तेव्हा त्याच्यावर वेग मोजून प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आलेख काढू नका. त्या आलेखात फक्त तुमच्या लॅपटॉपचा वेग दिसतो. दुसरं, मॉडेल उदार असतं. टोफिनो नावाची जी पी-फोरवर चालणारी चिप २०१६ साली आली, तिच्या पहिल्या पिढीत एका पाइपलाइनला बाराच टप्पे होते. त्यात बसलं तर बसलं. बीएमव्ही-टूमध्ये टप्प्यांची अशी मर्यादाच नाही. तिथे आरामात चालणारा प्रोग्रॅम चिपमध्ये मावेलच असं नाही.

मग पुढचा आक्षेप येतो: "ती टोफिनो चिप तर बंद पडली. मग पोरांनी हे शिकून करायचं काय?" खरं आहे. ती बनवणारी बेअरफूट कंपनी इंटेलने २०१९ साली घेतली आणि जानेवारी २०२३मध्ये त्या शाखेचं पुढचं काम थांबवलं. पण २०२५च्या सुरुवातीला त्या चिपसाठीचं सॉफ्टवेअर खुलं केलं. त्यात काम कसं चालतं बघा: एका खिडकीत चिपचं मॉडेल, दुसरीत चिप चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर, तिसरीत चाचण्या. चिपचा पुढचा रस्ता बंद झाला, पण मॉडेल आणि चाचण्या शिकणाऱ्याच्या हातात राहिल्या. भाषाही थांबलेली नाही, सर्व्हरमधल्या नव्या नेटवर्क कार्डांत ती वापरली जाते. गूगलच्या लोकांनी तर २०२२ साली स्विचव्ही नावाचं काम प्रसिद्ध केलं. त्यात स्विचने कसं वागायला हवं, हे पी-फोरमध्ये लिहिलं आणि खरा स्विच त्या मॉडेलशी ताडून बघितला. म्हणजे तिथे मॉडेल हेच प्रमाणित वजन झालं. चिप येतील, जातील. ताडून बघायची सवय लागलेल्या मुलाला कुठल्याही चिपवर काम जमेल.

"विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाही" हा आणखी एक आक्षेप. अहो, राउटिंग आहे, टीटीएल आहे, पडताळणीचा आकडा आहे. तेच शिकवायचंय, फक्त फळ्यावरून उतरवून घ्यायच्या ऐवजी हाताने. केबलला कनेक्टर लावणं, खऱ्या स्विचला हात लावणं हेही हवंच. त्यासाठी कपाटातले आठ पुरे आहेत, फक्त चावी द्या.

खरा अडथळा वेगळाच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. "आउटपुट बघून सही" करायला एका मुलामागे एक मिनिट लागतं. चाचण्या वाचून, कुठली चाचणी राहिली हे सांगायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आणि आज कितीतरी ठिकाणी लॅब घेणारी माणसं तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना तासाचे पैसे मिळतात, तयारीचे नाही. त्या मॅडम शनिवारी माझ्याबरोबर थांबल्या, त्या स्वतःच्या वेळेत. यंत्राचं कोटेशन मंजूर होतं, कारण यंत्राचा फोटो तपासणीच्या फाइलला लावता येतो. मॅडमच्या दोन तासांचा फोटो निघत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. संस्थाचालक, प्राचार्य, माजी विद्यार्थी, पालक, सगळ्यांकडे.

एक, पुढच्या सत्रात नेटवर्किंगच्या लॅबमधली निदान तीन प्रॅक्टिकल्स अशी मॉडेलवर घ्या. खर्च जवळपास शून्य.

दोन, निम्मे मार्क चाचण्यांना द्या. एका गटाचा प्रोग्रॅम दुसऱ्या गटाला द्या आणि सांगा, मोडून दाखवा. जो मोडेल त्याला मार्क, आणि मोडल्यावर जो दुरुस्त करेल त्यालाही मार्क. जर्नल कॉपी करायची सोय आपोआप संपते, कारण मागच्या वर्षीचा प्रोग्रॅम कॉपी केला तरी या वर्षीची चाचणी तो मोडतेच.

तीन, नवीन यंत्राचं कोटेशन पुढे आलं की एकदा विचारा, की याच्या निम्म्या पैशात लॅबच्या शिक्षकांना तयारीचे आणि तपासणीचे तास देता येतील का? पालकसभेत विचारा. माजी विद्यार्थ्यांनी देणगी देताना विचारा. भिंतीवर नाव लागणार नाही, पण पोरगं शिकेल.

पुण्यात, बंगळुरात, बाहेरदेशी नेटवर्कचं काम करणारे आपल्या भागातले खूप जण ही पोस्ट वाचतायत, हे मला माहीत आहे. सत्रातले दोन शनिवार काढा. चाचण्या कशा लिहायच्या हे ऑनलाइन बसूनही शिकवता येतं. पेनड्राइव्हवरची ती तयार मशीन आणि आम्ही लिहिलेल्या चाचण्या कुठल्याही कॉलेजला द्यायला मी तयार आहे. मेसेज करा, पैसे नकोत.

आणि ज्यांची मुलं आत्ता इंजिनिअरिंगला आहेत त्यांनी एक करा. आज रात्री जेवताना विचारा, "प्रॅक्टिकल झालं का?" असं नको. विचारा, "तुझा प्रोग्रॅम बरोबर आहे हे तू कसं तपासलंस?" उत्तर आलं तर छान. "सरांनी सही केली" असं उत्तर आलं, तर ही पोस्ट त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाका.